मोडीचा भाव

आठशे नव्वद रुपये. एवढ्याशा रकमेनं गुलाबरावांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, आणि त्यातलं एक नाणंही त्यांच्या हाताला लागलं नव्हतं.

धाड गावच्या बुद्धविहारातली बारा माणसं श्रीलंकेला, अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायला निघाली होती. पैसे गोळा करायचं काम गुलाबरावांकडे आलं. बत्तीस वर्षं विहाराची वही त्यांच्याच हातात होती आणि रुपयाचा फरक कधी निघाला नव्हता. खर्चाला माणशी दोनशे डॉलर न्यायचे ठरले. मुलानं, प्रसेनजितनं मोबाइलवर पाहून सांगितलं, एका डॉलरचे शहाऐंशी रुपये. गुलाबरावांनी विहारात उभं राहून जाहीर केलं, "माणशी सतरा हजार दोनशे. वर एक पैसा लागत नाई."

चूक झाली ती इथंच.

संभाजीनगरच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानात फळ्यावर दोन आकडे होते. विकायचा भाव अठ्ठ्याऐंशी, घ्यायचा चौऱ्याऐंशी. शहाऐंशी कुठंच नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'कमिशन शून्य'.

"बाई, शहाऐंशीचा डॉलर कुठं भेटते?"

"काका, तो मोठ्या बँकांचा आपसातला भाव. त्यांचे व्यवहार कोटींचे असतात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आम्ही तुम्हाला डॉलर देताना दोन रुपये वर धरतो, तुमच्याकडून घेताना दोन रुपये खाली."

"मंग कमिशन शून्य काऊन लिहिलं?"

"कमिशन वेगळं घेत नाही. जे काय असतं ते भावातच."

वर पंचेचाळीस रुपये कर. म्हणजे माणशी सतरा हजार सहाशे पंचेचाळीस. गुलाबराव हात हलवत गावात आले आणि बारा दारांत जाऊन चारशे पंचेचाळीस मागत फिरले. लोकांनी दिले, पण देताना वहीकडे पाहिलं. असं पूर्वी कोणी पाहत नव्हतं.

डॉलर घेऊन झाले, आणि चार दिवसांत बारांपैकी पुंजाजीनं जायचं रद्द केलं. लेकीचं बाळंतपण मधेच आलं होतं, त्याला इलाज नव्हता. गुलाबराव त्याची सही आणि कागद घेऊन पुन्हा संभाजीनगरला गेले. तेच दुकान, तीच मुलगी, तेच दोनशे डॉलर, पाकिटातून बाहेरही न काढलेले. फळ्यावरचे आकडेही तेच होते. चौऱ्याऐंशीनं हिशेब झाला, पुन्हा पंचेचाळीस कर कापला गेला, आणि हातात आले सोळा हजार सातशे पंचावन्न.

पुंजाजीनं नोटा दोनदा मोजल्या. "आठशे नव्वद कमी आहेत, गुलाबभाऊ."

"अरे, घ्यायचा भाव येगळा न् विकायचा येगळा. पावती पाह्य."

"पावतीत डॉलर किती? दोनशे. मी दिले किती डॉलर? दोनशे. डॉलर काय उंदरानं कुरतडले?"

बोलणं चावडीपर्यंत गेलं. दोन दिवसांत चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "बारा माणसं गुणिले आठशे नव्वद, करा बे हिशेब!" ते ऐकून गुलाबराव चहा अर्धा टाकून उठले.

घरी त्यांनी पेटी उघडली. "पदरचे भरतो न् मोकळा होतो."

अन्नपूर्णाबाईंनी झाकण धाडकन लावलं. "भरले म्हंजे खाल्ले होते असंच म्हणतीन लोक. बत्तीस वर्षं आठशे नव्वदमंधी ईकता का?"

देऊन चोर, न देऊनही चोर. गुलाबराव दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले. पुंजाजीला समजत कसं नाही? हा माणूस तर सगळी हयात बाजारात भांडी विकत आलेला.

त्यांचा हात डोक्यावरच्या टोपीवर थांबला. भांडी!

आठवडी बाजाराच्या दिवशी ते सरळ पुंजाजीच्या दुकानासमोर उभे राहिले. भोवती गिऱ्हाइकं होती, विहारातलीही चार माणसं होती.

"पितळेचा तांब्या दे. तो, सहाशे ग्रॅमचा."

"किलोला नऊशेचा भाव आहे. पाचशे चाळीस झाले."

गुलाबरावांनी पैसे मोजले, तांब्या हातात घेतला, दहा पावलं चालून गेले आणि परत आले. "हा घे. मोडीत घालायचा आहे."

पुंजाजी तेव्हा दुसऱ्या बाईशी घासाघीस करत होता. चाळीस वर्षांची सवय, त्यानं मान वर न करता तांब्या काट्यावर टाकला. "मोडीचा भाव पाचशे वीस. तीनशे बारा होतात."

"अरे, याच्यात अजून पाणीबी भरलं नाई!"

"पाणी भर का नको भरू. दुकानाबाहीर गेलं का मोडच..." पुंजाजीनं मान वर केली. समोर गुलाबराव. लोक हसायला लागले. पुंजाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पितळ येगळं," तो पुटपुटला. "पितळ आटवा लागते. डॉलर कागद. कागदाची काय मोड?"

"कागद असो का पितळ, दुकानाचा भाव दुकानाचाच. माह्ये या तांब्यातले दोनशे अठ्ठावीस कुठं गेले ते तर तुले ठाऊक आहे ना?"

"माह्या गल्ल्यात."

"तसेच तुह्ये त्यायच्या गल्ल्यात. माह्या वहीत नाई."

पुंजाजीनं तांब्या काट्यावरून खाली उतरवला. मग त्यानं हात पुसले. "आण तुही वही."

गुलाबरावांनी पिशवीतून वही काढली. पुंजाजीनं सगळ्यांदेखत 'सोळा हजार सातशे पंचावन्न मिळाले' असं लिहून सही केली. शेवटच्या रकान्यात 'बाकी'च्या खाली आठशे नव्वद लिहिले, आणि त्यापुढं स्वतःच्या हातानं 'मोड' असा शब्द लिहिला.

तांब्याचे तीनशे बारा त्यानं गुलाबरावांच्या हातावर ठेवले. एक रुपया जास्त दिला नाही, आणि गुलाबरावांनीही मागितला नाही.

घरी अन्नपूर्णाबाईंनी वही पाहिली, मग हातातल्या नोटा. "न् पाचशे चाळीस घेऊन गेलते ना तुमी?"

"गेलतो," गुलाबराव खेकसले. "आता तू नको सुरू करू!"