पितळेची शीळ

कानसाहेबांना पितळी स्नेअर ड्रमच – खाली तारा ताणलेला तो छोटा ड्रम – का हवा होता, हे त्यांनी घरात इतक्या वेळा समजावलं होतं की त्यांच्या बायकोनं ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. लाकडी ड्रमचा आवाज गोल असतो, स्टीलचा कोरडा असतो आणि पितळेचा – इथे कानसाहेब डोळे मिटत – पितळेचा उबदारही असतो आणि धारदारही. "फक्त तो फरक कळायला कान लागतो," असं ते शेवटी म्हणत.

कान हा त्यांचा धंदाच होता. चोवीस वर्षं ते एका दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासत होते. जाड दाराच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. काहीही ऐकू न येता अंदाजानं बटण दाबणारे आजोबा त्यांनी ढिगानं पकडले होते. दवाखान्यातल्या नर्सनी त्यांना 'कानसाहेब' नाव ठेवलं ते निम्मं चेष्टेनं, पण त्यांनी ते पूर्ण गांभीर्यानं घेतलं.

ड्रमची गरज अचानक उभी राहिली. त्यांच्या बायकोचा मोठा भाऊ – घरात सगळे त्याला दादा म्हणत – विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून अकॉर्डियन वाजवत होता. सोबतीला एक पोस्टमन ट्रम्पेटवर आणि एक बेकरीवाला गिटारवर. दर रविवारी सकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये, तिघं वाजवायला बसत. त्यांचा ड्रमवाला बदली होऊन गेला, आणि जाताना साहजिकच ड्रमही घेऊन गेला. कानसाहेबांनी कॉलेजात दोन वर्षं ड्रम बडवला होता. दादांनी विचारलं आणि कानसाहेबांनी आढेवेढे घ्यायचं नाटकसुद्धा केलं नाही.

"घ्या की," बायको म्हणाली. "नवा मिक्सर घ्यायचा होता ना? जुना अजून वर्षभर रेटते मी. तेवढ्यात बसवा तुमचं पितळ."

ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुकीचा स्वल्पविराम तिला लांबून दिसे, त्यामुळे नवऱ्याच्या बोलण्यातल्या चुकांकडे ती सवडीनुसारच लक्ष देई.

वाद्यांच्या दुकानात कानसाहेब बायकोसोबत गेले, खिशात लोहचुंबक घेऊन. फ्रिजच्या दारावरचं, प्लॅस्टिकचं कलिंगड चिकटवलेलं. दुकान चालवणारी बाई चाळिशीची होती. ती स्वतः ड्रम वाजवायची आणि गिऱ्हाइकाला खोटं सांगायचा तिला मनापासून कंटाळा होता. तिनं समोर ठेवलेल्या पहिल्या चकचकीत ड्रमला कानसाहेबांनी कलिंगड लावलं. ते टकन चिकटलं.

"हे पितळ नाही!" ते विजयानं म्हणाले.

"मी कुठं म्हटलं पितळ आहे? वरून मुलामा आहे. म्हणून स्वस्त आहे."

दुसरा अस्सल होता, पण त्याच्या किमतीत तीन मिक्सर आले असते. बायकोनं किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवली.

"तिसरा एक आहे," दुकानवाली जरा थांबून म्हणाली. "जाड पितळ, कुठं पोचा नाही, तारांची पट्टी नवी. तुमच्या पैशात बसेल. पण तिघांनी नेला आणि तिघांनी परत आणला. ठोका मारला की मागे एक शीळ राहते. सगळ्यांना नाही सोसत."

कानसाहेबांनी काड्या हातात घेतल्या, डोळे मिटले आणि ठोका मारला. उबदार. मग धारदार. मग हळूच, मखमलीवर हात फिरवावा तसा, विरून जाणारा. शीळ नावाला नाही. त्यांनी दहा-बारा ठोके मारले आणि डोळे उघडले तेव्हा बायकोनं दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि दुकानवालीनं दात आवळले होते.

बायकोचं तोंड किमतीमुळे वाकडं झालंय, असं त्यांनी ठरवलं. दुकानवालीचं कोडं मात्र सुटेना. माल वाईट आहे असं सांगून विकणारी बाई ते पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला तो विकायचाच नसणार. एवढा सुरेख ड्रम कोण सुखासुखी हातचा सोडेल?

"बांधा हा," ते घाईनं म्हणाले.

"अहो, शीळ!" बायको म्हणाली.

"अगं, तिला पितळेची झळाळी म्हणतात. तुझ्या कानाला सवय नाही."

रविवारी पहिलं गाणं संपायच्या आत बेकरीवाला भट्टी बघायला म्हणून बाहेर गेला, तो परत येईना. पोस्टमननं चेहरा मैद्याच्या पोत्याकडे फिरवला. दादा सबुरीचे. ते म्हणाले, "भाऊजी, ड्रम छान आहे. पण त्यात काहीतरी किंचाळतंय."

"दादा, राग मानू नका," कानसाहेब म्हणाले, "पण चोवीस वर्षं मी हेच करतोय."

आणि हे सिद्ध करायला त्यांनी सोमवारी ड्रम दवाखान्यात नेला. दुपारी गर्दी ओसरल्यावर आवाज मोजायच्या यंत्रासमोर तो ठेवून एक ठोका मारला. पडद्यावर उजवीकडे, अगदी वरच्या पट्टीत, बांबूसारखा एक सरळसोट खांब उभा राहिला आणि कितीतरी वेळ खाली येईना. कानसाहेबांना ऐकू काहीच येत नव्हतं. यंत्र बिघडलंय, असं ते वहीत लिहिणार, इतक्यात शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई कानावर हात ठेवून आल्या.

"कोण शिट्टी मारतंय इथं?"

बाईंनी पडदा पाहिला, ड्रम पाहिला आणि मग कानसाहेबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बसा आत," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत कानसाहेब काचेच्या त्या बाजूला कधी बसले नव्हते. खुर्ची फारच टणक होती. सुरुवातीचे आवाज आले, त्यांनी झटझट बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. बाईंना यंत्र चालवायची सवय नाही, त्यांना वाटलं, चुकीची कळ दाबत बसल्या असतील. त्यांनी काचेतून पाहिलं. बाई तर सारख्या कळा दाबत होत्या. कानसाहेबांनी अंदाजानं बटण दाबलं.

बाईंचा आवाज हेडफोनमध्ये आला. "आत्ता मी काहीच सोडलं नव्हतं."

आलेख डावीकडे मैदानासारखा सपाट होता आणि उजवीकडे विहिरीत उतरावा तसा उतरत गेला होता. बाई काही बोलायच्या आत कानसाहेबच म्हणाले, "वयाच्या मानानं ठीक आहे." लोकांना ते हेच सांगत. लोकांना त्यानं बरं का वाटत नसे, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

घरी त्यांनी जेवताना सांगितलं. बायको हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मला वाटायचं, तुम्ही माझं बोलणं कानामागे टाकता," ती म्हणाली आणि वाढायला उठली. कानसाहेब त्या दिवशी पुष्कळ जेवले.

पंधरा दिवसांनी दोन्ही कानांत यंत्रं बसली. ओळखीच्या ओळखीनं, हप्त्यावर. त्यात कितीतरी मिक्सर आले असते, पण हा हिशेब बायकोनं तोंडातून काढला नाही. वर्तमानपत्र कुरकुरतं, चप्पल बोलते, बायको मुद्रितं वाचताना स्वतःशी पुटपुटते, असे शोध कानसाहेबांना दिवसभर लागत राहिले. संध्याकाळी त्यांनी ड्रम काढला, आनंदानं एक ठोका मारला आणि काड्या खाली ठेवल्या. किटलीच्या तोंडात सुई फिरवावी तशी ती शीळ भिंतीभिंतीला घासून परत येत होती.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर झाले.

"चौथ्यांदा नाही घेणार," दुकानवालीनं सांगितलं. "वरती कापडाची पट्टी चिकटवा. शीळ जाईल."

"आणि पितळेचा आवाज?"

"तोही जाईल. लाकडीसारखा वाजेल."

"मग मी पितळ कशाला घेतलं?"

"ते मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली आणि पट्टी फुकट दिली.

रविवारी कानसाहेब यंत्रं लावून बेकरीत गेले. पट्टी खिशातच होती, कारण लाकडाशी तडजोड करायला मन घेत नव्हतं. गाणं सुरू झालं आणि त्यांचा हात तिसऱ्या ठोक्याला थांबला. यावेळी ड्रममुळे नाही. अकॉर्डियनच्या एका पट्टीतून फसफस हवा जात होती. ट्रम्पेट गाण्याच्या थोडा वर चालला होता, फूटपाथवरून चालावं तसा. गिटारची एक तार कुणाच्याच सुरात नव्हती.

"दादा," ते म्हणाले, "हे नेहमी असंच वाजतं का?"

"असंच म्हणजे?"

कानसाहेबांनी सांगितलं. सविस्तर, एकेकाचं, जसं पेशंटला सांगत तसं. भट्टीचा पंखा तेवढा ऐकू येत राहिला, निदान कानसाहेबांना तरी. पोस्टमननं ट्रम्पेट मांडीवर आडवा घेतला. आठ दिवसांवर त्याच्याच निवृत्तीच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि वाजवणारे हेच चौघं होते.

शेवटी दादा खाकरले. "भाऊजी, एक सुचवू? ते कानातलं जरा काढून बघा."

कानसाहेबांनी यंत्रं काढून डबीत ठेवली. बेकरीवाल्यानं कपाटातून कापसाचं बंडल आणलं आणि तिघांनी ड्रमच्या शिळेपासून वाचायला आपापल्या कानांत बोळे भरले. त्यांनी गाणं पहिल्यापासून घेतलं. ते चांगलं झालं. चौघांचंही तेच मत पडलं.

निरोपाचा कार्यक्रम पोस्टाच्या आवारात झाला. साठेक माणसं आली होती आणि कानसाहेबांची यंत्रं डबीत होती. चार गाण्यांना टाळ्या पडल्या, पाचव्याला पोस्टमनची सून रडली. निरोपामुळे की शिळेमुळे, हे कुणी विचारलं नाही. नंतर गर्दीतून पोस्टाचे साहेब कानसाहेबांजवळ आले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "ड्रम जोरदार हो. पण मधे ते अकॉर्डियन कुठंतरी घसरलं का?"

दादा दोन हात अंतरावर उभे होते, हातात हार.

"मला तर काही ऐकू आलं नाही," कानसाहेब म्हणाले, आणि ते शब्दशः खरं होतं.