उलटं रायपूर

गुढियारीच्या मालधक्क्यामागच्या जुन्या मनोऱ्यात अख्खं रायपूर उलटं लटकतं, ही बातमी भनपुरीपासून बीरगावपर्यंत पोचली आणि माणसं हातातली कामं टाकून धावत सुटली. शहरात आग कुठं लागली ते दिसावं म्हणून कोण्या काळी बांधलेला हा मनोरा. आता त्याच्या अरुंद जिन्यावर नारळ, अगरबत्ती आणि घामाचा वास.

वरच्या मजल्यावरची काळोखी खोली उलटबाबा म्हणवणाऱ्या एका बुवानं बळकावली होती. चार-पाच माणसं आत घ्यायची, दार लावायचं आणि चुना फासलेल्या भिंतीकडे तोंड करून बसवायचं. मागं वळलं की डोळे जातील, अशी धमकी. मग भिंतीवर शहर उमटायचं. डोकं खाली, पाय वर. कारखान्यांचा धूर खाली सांडायचा, मालगाडी छताजवळून पळायची.

"देखो! दुनिया उलटी चालून राहिली तुमची!" बाबा ओरडायचा. "हम सीधी करेंगे!"

दक्षिणा पडली की तो भक्तांना गच्चीवर न्यायचा. तिथं रायपूर सरळ! लोक त्याच्या पायावर लोळायचे. अरे, ते सरळच होतं की! पण डोकं गहाण टाकलेल्या माणसाला हे सांगायचं कोणी?

मंजिरीला तिच्या आईनं, वनमालानं, फसवूनच आणलं होतं. "वरून सारं शहर दिसते म्हणतात. चाल, हवा खाऊन येऊ." मंजिरीला फिट यायची. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ती थांबली होती. पण लग्नाची बोलणी चालली होती, आणि गोळ्या खाणारी पोरगी कोण करेल, या धसक्यानं वनमालाची झोप उडाली होती.

वर पोचल्यावर वनमालानं सारं सांगितलं, तसं बाबानं मंजिरीच्या पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून झोळीत टाकलं. "हिच्या डोस्क्यात असंच उलटं झालं आहे. ये दवा जहर है. भिंतीवर रायपूर सरळ होईल, तेव्हाच ही बाहेर येईल."

"आई, सकायची गोळी राहिली माही," मंजिरी कळवळली.

"चूप व. बाबाजी पाहून राहिले ना."

मंजिरीला एकटीला आत ठेवून बाहेरून कडी पडली.

तिनं दार बडवलं. बाहेर झांजा वाजत होत्या, कोण ऐकणार? भिंतीवर शहर तसंच लटकलेलं. ते सरळ होणार कधी? तिच्या हातापायांत मुंग्या आल्या. फिट आली तर? इथं फरशीवर डोकं आपटलं तर? भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायला लागल्या. वाट शोधायलाच हवी होती, म्हणून जी गोष्ट कोणी केली नाही ती तिनं केली. ती मागं वळली.

डोळे शाबूत होते.

बाबाच्या आसनामागं खिडकी. तिला काळा गत्ता, जाड पुठ्ठा, ठोकलेला. गत्त्याला वाटाण्याएवढं भोक, आणि त्यातून प्रकाशाची तिरीप. मंजिरीनं भोकावर हात ठेवला. रायपूर गेलं. हात काढला. रायपूर आलं. तिला हसू फुटलं, आणि मागोमाग असा संताप आला की कानशिलं तापली. एवढ्यासाठी? एवढ्या भोकासाठी आईनं मला कोंडलं?

कडी वाजली. बाबा नवी माणसं घेऊन आला, मागं वनमाला. मंजिरीला पळता आलं असतं. ती खिडकीला टेकून, भोकावर तळवा दाबून उभी राहिली.

"काय दिसते, बोला!" दार लावून बाबा गरजला.

"काहीच नाही दिसून राहिलं, महाराज," एक जण म्हणाला.

"देवी रुसली! या पोट्टीच्या पापानं!"

"मनवते मी तिले," मंजिरी म्हणाली. हात काढला. शहर आलं. ठेवला. गेलं. "बाबाजी, तुमची देवी माह्या तळव्याखाली दबून राहिली न!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"मागं पाहू नका! डोळे जातील!"

"माहे गेले काय? आई, पलट. पाह्य माह्याकडे."

वनमाला घाबरली होती. पण वळली. तिच्या देखत मंजिरीनं केसातली पिन काढून गत्त्यात दुसरं भोक पाडलं. भिंतीवर कारखान्याच्या एका चिमणीच्या दोन झाल्या. तिसरं पाडलं, तीन झाल्या. मग तिनं गत्ताच ओरबाडला. भिंतीवर नुसतं ऊन उरलं, आणि खिडकीत रायपूर. सरळ.

बाबा दाराकडे सटकला. एका बाईनं झोळी धरली. "पोट्टीच्या गोळ्या काढ आधी, मेल्या!"

वनमालानं पाकीट फोडून गोळी लेकीच्या हातावर ठेवली. "पाहुण्यायले सांगू, गोळी खाते म्हणून. जमलं तं जमलं."

"अन् मले कोंडलं, त्याचं?"

वनमालानं कान धरले. तेवढ्यानं भागू नयेच.

यात देव नाही, देवी नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. चिमणीच्या टोकाकडून आलेला प्रकाश बारीक भोकातून तिरपा खाली जातो, बुडाकडून आलेला वर. म्हणून चित्र उलटं. एखादी खोली अंधारी करा, खिडकीला गत्ता लावा, भोक पाडा. तुमचंही गाव लटकेल, आणि दक्षिणा मागायला कोणी येणार नाही. फिट हा मेंदूचा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ते डॉक्टरांना न विचारता बंद केलं तर माणूस मरूही शकतो. जो ते बंद करायला सांगतो त्याच्या पाया पडू नका. त्याला पोलिसांत द्या.