अंगठ्याची खूण

दादाच्या फळांच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. फळं का सडतात ते सांगायला बोलावलेल्या धूपवाल्या बाबाने पेटीतून एक संत्रं उचलून गर्दीसमोर फिरवलं. सालीवर हिरवट-निळा गोल डाग, नेमका अंगठ्याएवढा.

"ओळखलात का हा अंगठा? गेलेली माऊली आहे ही! सुनेवर रुसलीय. सून घरात आहे तोवर फळ टिकायचं नाही!"

लोकांनी हात जोडले. दाराशी उभ्या वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या आईला या बाबाने जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिचा अंगठा मात्र बरोब्बर ओळखला!

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तो डाग खरवडून मी आधीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. खराट्यासारख्या बारीक फांद्या, टोकांना बीजाणूंच्या माळा. पेनिसिलियम नावाची बुरशी. धड सालीतून ती आत शिरत नाही, तिला जखम लागते. आणि दादा तर प्रत्येक फळ अंगठ्याने दाबल्याशिवाय पेटीत घालत नाही. नख वाढलेलं, सडका माल चाचपून तोच हात पुढच्या फळावर.

"दादा, या दोन टोपल्या बघ. दोन्हींतल्या फळांवर मी हीच बुरशी चोळली होती. ही फळं पाच दिवसांपूर्वी तुझ्याकडून दाबून घेतली, ती सडली. ही कुणी दाबली नाहीत, ती धडधाकट आहेत. आता लाव अंगठा डागावर."

दादाने लावला. चपखल बसला. मला वाटलं, सुटली वहिनी.

"पण असं दाबून बघायला आईनंच शिकवलंय मला," दादा पुटपुटला.

बाबाने टाळी वाजवली. "ऐकलंत? माऊली लेकाच्याच अंगठ्यात शिरलीय!"

पुन्हा सगळे हात जोडले गेले. मी घसा फुटेस्तोवर बुरशी, बुरशी ओरडत राहिले. कुणी टोपल्यांकडे वळूनही पाहिलं नाही. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी पिशवी घेऊन निघाली. "तुमचं खरं आहे हो, वन्सं," ती म्हणाली. "पण मला जायलाच हवं ना?" दादा मान खाली घालून पुढचं संत्रं दाबत होता.

म्हणून तुम्हाला सांगते. नखं कापा, सडकं फळ वेळीच वेगळं काढा. आणि घरातल्या माणसाला बाहेर काढण्याआधी एकदा स्वतःचा अंगठा बघा.