सुपडूकाकांच्या फोटोची पाठ

भूपेंद्र आणि नवनीत चुलत भाऊ. सारंगखेड्यात एकाच बोळात समोरासमोर दारं, शेताला लागून शेत, आणि सात वर्षांत एकमेकांशी सरळ बोलणं नाही. नवनीतनं बांधावरचं निंबाचं झाड न विचारता पाडलं. मग भूपेंद्रनं नवनीतच्या आवाजात फोन लावून त्याची केळी कापणारी टोळी पार धानोऱ्याला धाडली. टोळी दुपारपर्यंत नसलेली बाग शोधत फिरली. ते आठवलं की भूपेंद्रला अजून जेवताना ठसका लागायचा.

पण आताचं वैर बांधाचं नव्हतं, फोटोचं होतं.

त्यांचे धाकटे काका, सुपडूकाका, तीस वर्षं अमेरिकेत एका मोटेलवर राबले आणि परत आले ते पेटीभर जुने फोटो घेऊन. सगळे तिकडच्या बेसबॉलमधल्या नामांकित गड्यांचे, शंभर-शंभर वर्षांपूर्वीचे. गावाला त्यातलं काय कळणार! "हाऊ बाबा झोडपणं लिसन कोणले माराले निंघना?" असं बॅट धरलेल्या गड्याकडं बोट करून पोरंटोरं नाही, चांगली मिशीवाली माणसं विचारायची. पण या दोन पुतण्यांना काकांनी तो नाद असा लावला की विचारू नका. काका सांगायचे, चेहरा तर कोणीही बघतो, आपण आधी पाठ बघायची. पाठीवर पेपरवाल्यांचा शिक्का असतो, तारीख असते, पेन्सिलीनं खरडलेलं असतं. अस्सल-नक्कल तिथंच कळतं.

एक्केचाळीस फोटोंत जीव एकाच फोटोत होता. डावखुरा मॅकब्राइड, चेंडू फेकताना, उजवा पाय थेट टोपीपर्यंत वर. साल १९२४. याची दुसरी प्रत काकांना तीस वर्षांत कुठं दिसली नव्हती. काका गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि सिंधुकाकी म्हणाली, "आते वाटी ल्या रे बाबाहो, मन्हा डोकावरना भार उतरू द्या."

वाटणीची रीत जुनीच. मोठ्यानं दोन वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मोठा भूपेंद्र. म्हणजे मॅकब्राइड ज्या ढिगात, तो ढीग नवनीत उचलणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

भूपेंद्र तीन दिवस काकीच्या घरी वाटे करत बसला. पेटी घराबाहेर न्यायची नाही, ही काकीची अट. त्यात नवनीतची बायको शीला रोज दारात ठाण मांडून. "दादा, पिशवी दखाडा. खिसाबी." निघताना रोज झडती! भूपेंद्र गालातल्या गालात हसायचा. कारण आत येताना कोणी तपासतच नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं मोबाइलवर मॅकब्राइड टिपला, पुढून आणि मागून. शहाद्याला धीरजच्या स्टुडिओतून जाड कागदावर प्रत काढली, चहाच्या पाण्यात बुडवली, उन्हात वाळवली, पाठीवर शिक्का उठवला. तिसऱ्या दिवशी ती सदऱ्याखालून आत नेली. आणि अस्सल? अस्सल बाहेर तर काढता येत नव्हता. तो त्यानं भिंतीवरच्या हार घातलेल्या सुपडूकाकांच्याच फ्रेममध्ये, काकांच्या मागं सरकवला. मागची फळी बसवली, नवे खिळे ठोकले. वाटणी झाली की काच बदलण्याच्या निमित्तानं फ्रेम न्यायची. काकांच्या फोटोवर कोण संशय घेणार?

रविवारी सकाळी काकीच्या घरात, त्याच भिंतीसमोर, गावातले उदेसिंगबापू पंच म्हणून बसले. दोन ढीग. चांगले फोटो एका ढिगात, आणि नकली मॅकब्राइड गाळसाळ फोटोंच्या दुसऱ्या ढिगावर, नवरदेवासारखा.

नवनीत वाकला. मॅकब्राइड उचलला. उलटा केला. शिक्का बघितला. मग फोटो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

नवनीतनं फोटो जागेवर ठेवला आणि भिंतीवरच्या काकांकडं बघितलं.

काकी म्हणाली, "त्यास्ले नमस्कार कर आधी. परवदिन भूपेंद्रनी फोटू उतारीसन जायंबियं पुसं. केवढी माया शे त्याले काकानी!"

"हा का?" नवनीत म्हणाला. त्यानं फ्रेम उतरवली, कपाळाला लावली, आणि लावता लावता सावकाश पालटली.

"बापू, माले एकबी वाटा नको. दोन्ही ढिग दादाले द्या. माले फक्त काकाना हाऊ फोटू पायजे."

बापूंचे डोळे भरले. काकीनं पदर तोंडाला लावला. भूपेंद्र ताडकन उठला. "तो वाटणीमा नही शे! तो काकीना शे!"

"मन्हा शे ना? मंग मी देसु त्याले," काकी म्हणाली.

"काच तडकेल शे! माले द्या, मी बदलीसन..."

"लाज वाटू दे, भूपेंद्र," बापू गरजले. "चाळीस-एक्केचाळीस फोटू भेटनात, तरी मयत माणूसना एक फोटू सोडवत नही तुले?"

आता बोलावं तर चोरी उघडी, न बोलावं तर मॅकब्राइड चालला. भूपेंद्र मटकन खाली बसला. नवनीत फ्रेम काखेत मारून त्याच्याजवळून गेला आणि कानाशी लागला, "खिया नवा शेत, दादा. चमकी ऱ्हायनात. काकानी काय शिकाडेल व्हतं? आधी पाठ देखो."

सात वर्षांतलं ते पहिलं सरळ बोलणं.

भूपेंद्रला वाटलं, आज ना उद्या नवनीत फ्रेम उघडेल, मॅकब्राइड मिरवेल, मग 'यानंच चोरला' म्हणून आपण बोंब मारू. नवनीतनं उघडलीच नाही. त्यानं ती आपल्या ओट्यावर टांगली, भूपेंद्रच्या दारासमोर, वर एक बल्ब लावून. खिळे होते तसेच.

काकी रोज सकाळी फुलं घेऊन येते आणि बोळातून हाक मारते. भूपेंद्रला जावंच लागतं. तो हात जोडून उभा राहतो, काकांच्या चेहऱ्याकडं बघत, दात दाबून.

झोक्यावरून नवनीत विचारतो, "दादा, चहा सांगू का? पेवाले सांगी ऱ्हायनू हां. कागद बुडावाले नही."