गुंडात गुंड

साल दोन हजार एक. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती, तरी दिघोरीतली जुनी माणसं अजून भंडारा-गोंदिया एका दमात म्हणत. पौषातली थंडी होती. लीलाबाईच्या पोरीची, रत्नमालाची, आरोग्यसेविकेच्या जागेसाठी भंडाऱ्याला मुलाखत होती. बाराच्या आत पोहोचायचं होतं, पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं, आणि नेमकी त्याच दिवशी पहाटेची एसटी आली नाही.

लीलाबाईच्या नवऱ्याने, परसरामने, जुनी मोटारसायकल काढली. पण ती फुरफुरायची नि बंद पडायची. उंदराने सायलेन्सरच्या शेपटीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबलं होतं. तारेने काढू गेला, तर बोळा आणखी आत गेला. आता सायलेन्सरच उतरवायला हवा. नट निघाले, पण इंजिनाकडून आलेली नळी सायलेन्सरच्या तोंडात गंजून बसली होती. परसरामने चाकाला पाय लावून ओढलं, हातोडा घातला. आठ वाजून गेले. रत्नमाला कागदांची पिशवी उराशी धरून उभी होती.

कुंपणापलीकडून कौशल्याबाई पाहत होती. दोन्ही घरांत विस्तवाची देवाणघेवाण होती. पाण्यापर्यंत ती कधी आली नव्हती; लीलाबाईच्या जातीचा हात कौशल्याबाईच्या बादलीला लागत नसे.

"गुंडात गुंड अटकलं तं तुमी घन मारता काय, भाऊ?" ती परसातल्या पाण्याच्या पितळी गुंडांकडे बोट करत म्हणाली. "बाहेरच्याले गरम पाजाव, आतल्याले गार."

"हे गाडी हाये बाई, गुंड नोहोय."

"पितळ का, लोखंड का, अटकणं एकच."

तिने नवऱ्याच्या अंघोळीचं उकळतं पाणी उचलून आणलं. मग स्वतःच्या विहिरीची गार बादली. लीलाबाई हात पुढे करायला कचरली, तशी कौशल्याबाईने बादलीची कडी तिच्या मुठीत दिली.

"धर वं. चिंधीवर पाणी टाक आन् नळीले गुंडाळ."

सायलेन्सरच्या तोंडावर कढत पाणी, नळीला गार चिंधी, असं चारदा झालं. मग कौशल्याबाईने परसरामला बजावलं, ओढू नका, धुणं पिळतात तसं पिळा. कर्र झालं नि नळी सुटली. आतून तणीस पडलं, त्यामागून दोन ओंजळी बारीक धान. लीलाबाईच्या घरी ठोकळ, जाड दाण्याचं धानच पिकायचं.

कौशल्याबाईने दाणा चावून पाहिला. "आमच्याच धानाच्या ढोलीतला हाय. म्हंजे माह्याच उंदराने पोरीले अडवलं."

रत्नमालाने त्याच बादलीतून तोंड धुतलं आणि दोन घोट प्याली. परसरामने सायलेन्सर पुन्हा चढवला आणि तिला मागे बसवलं. बाराला पाच कमी असताना ती भंडाऱ्यात पोहोचली.

रत्नमालाला नोकरी लागली. पुढे ती पवनीत राहिली. गाडी भंगारात गेली. परसराम आठ वर्षांपूर्वी गेला. त्याआधी कौशल्याबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा रत्नमाला दर रविवारी येऊन तिला सलाईन लावायची, आणि रोजचं पाणी लीलाबाई आपल्या हाताने पाजायची. आता लीलाबाईचे गुडघे धरतात. तरी आजही कुठे भांड्यात भांडं अडकलं, की सुना ते तिच्याकडेच आणतात, आणि ते सोडवताना ती कौशल्याबाईचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.