वाटणीत न आलेलं कुत्रं

कडोलीच्या भरमू आणि मष्णू या सख्ख्या भावांची वाटणी झाली, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. बापाचा तांब्याचा हंडा दोघांनाही हवा. कुणी मागं सरेना. शेवटी तांबट बोलावून हंडा मधोमध कापला! तो ना याच्या उपयोगाचा राहिला, ना त्याच्या. त्यानंतर पाच वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

वाटणीत कुत्रं तेवढं राहून गेलं. भुऱ्या त्याचं नाव. दोन्ही दारांत जायचं, मिळेल तो तुकडा खायचं आणि मधल्या भिंतीला अंग टाकून झोपायचं. त्याला कशाला कळतीय वाटणी?

पाचव्या वर्षी प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडायला लागले, तसं रीतीप्रमाणं गाव उठलं आणि माळावर खोपी घालून राहिलं. भरमूची बायको आधीच वारलेली, पोरबाळ नाही. त्यानं ओढ्यापलीकडं एकट्यानं खोप घातली. अलीकडं मष्णू आणि त्याची बायको नागुबाई. एक चूल, दोन वाकळा, चार गाडगी; तेवढ्यात संसार झकास चालला होता! मग भांडलो कशासाठी, असं मष्णूच्या मनात यायचं. पण ताठा सुटेल तर शपथ.

एके दिवशी बातमी आली, भरमूला ताप भरलाय, जांघेत गाठ आलीय. ओढा ओलांडायला कुणी धजेना. भुऱ्या मात्र तिकडं पळाला. परत आला तसा मष्णूनं त्याला खोपीच्या मेढीला बांधला.

"सोडा की ओ त्याला," नागुबाई म्हणाली.

"आन् रोग घिऊन आला म्हंजे? गप बस गं."

भुऱ्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. ओढ्याकडं बघत बसला. तिसऱ्या दिवशी दावं चावून चावून त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं. ते बघून मष्णूला माणसाच्या जन्माला आल्याची लाज वाटली. त्यानं दावं सोडलं. नागुबाईनं आंबिलीचं गाडगं हातात दिलं, आणि मष्णू कुत्र्यामागनं ओढ्यात उतरला.

भरमूचे ओठ फुटले होते. उशाचं मडकं कोरडं ठणठणीत.

"मष्णू? लांब ऱ्हा रं... मरशील."

"मरू दे." मष्णूनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. "घे आण्णा, एवढी आंबील घे."

भरमूनं दोन घोट घेतले. पायाशी पडलेल्या भुऱ्याकडं बघून म्हणाला, "ह्यो बी येयाचा थांबला, तवा वाटलं, आता आपलं कोन न्हाय."

दुपारी भरमू गेला.

"प्लेगाचं भ्या न्हाय वाटलं व्हय रं?" शेजारच्या खोपीतल्या नागोजीनं नंतर लांबूनच विचारलं.

"भ्यालतो की," मष्णू म्हणाला. "म्हणून तर कुत्रं बांधून घातलतं. प्लेगानं आण्णाचा जीव घेतला नागोजी, पर तीन दीस त्येला एकटं पाडलं ते म्या."