शून्य म्हणजे ठीक
रश्मीला वनखात्याच्या चौकीवर बोलावलं ते एवढ्याचसाठी, की नकाशा मधूनमधून अडकायचा. ब्रह्मपुरीपासून दीड तासावरचं हे जंगल. झाडांना बांधलेले बारा कॅमेरे आपले फोटो चौकीतल्या लोखंडी पेटीकडे पाठवत. फोटोत वाघ दिसला की भिंतीवरच्या स्क्रीनवरल्या नकाशात त्या कॅमेऱ्याचा टिपका लाल व्हायचा, नाहीतर हिरवा. पेटीतल्या डिस्कवरून हे सगळं वाचून आणणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, रश्मीनेच आठ महिन्यांपूर्वी लिहिला होता.

"अटकते अन् मंग आपोआप चालू होते," वनरक्षक धनराज म्हणाला. "बाकी तरास नाई. तीन दिवसांपासून समदे हिरवेच हायेत."

"बाया जातात का आत?"

"मोहाची फुलं येचाचे दिवस हायेत म्याडम. टिपके पाहूनच सोडतो मी. आज सहा जणी गेल्या. भागीरथाबाई हाये त्याच्यात, माही सासू."

साडेसात वाजले होते. पेटीला हात लावला तर चटका बसला.

ड्रायव्हर डिस्ककडे करत असलेली प्रत्येक मागणी रश्मी लॅपटॉपवर पाहू लागली. सगळ्या पूर्ण झालेल्या, चूक एकही नाही. बहुतेक डोळ्याचं पातं लवायच्या आत आलेल्या. काही मात्र तीस सेकंदांनी. एकोणतीस नाही, एकतीस नाही, बरोब्बर तीस.

डिस्क नुसती रेंगाळत असती तर कधी बारा सेकंद लागले असते, कधी सतरा. तीस हा आकडा डिस्कचा नव्हताच. उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, याची मुदत म्हणून तो तिने स्वतः लिहिला होता.

वाचलेलं जिथे येऊन पडतं ती मेमरी तिने सातांनी भरून टाकली आणि नऊ नंबरच्या कॅमेऱ्याची नोंद मागितली. तीस सेकंद गेले. वाचन पूर्ण, असं उत्तर आलं. आत पाहिलं तर सगळे सातच सात. डिस्कने काहीच दिलं नव्हतं.

तिने आपला कोड उघडला. मुदत संपली की मागणी बंद करायची आणि चूक झाल्याचा आकडा कळवायचा, असं हवं होतं. तिने कळवला होता शून्य. शून्य म्हणजे ठीक. मग मेमरीत आधीचं जे पडलेलं असेल तेच ताजं म्हणून नकाशावर जायचं.

"धनराज भाऊ, हे टिपके खोटे आहेत. बायांना बाहेर काढा, आत्ताच."

"खोटे म्हंजे? वाघ कुठी हाये मंग?"

"मले नाई माहीत," रश्मी म्हणाली. "कोणालेच नाई माहीत."

तो आणि चौकीवरचा मजूर मुखरू मोटरसायकलवरून गेले. रश्मीने डिस्क काढून पंख्याखाली धरली आणि निवल्यावर लॅपटॉपला जोडली. नऊ नंबरचे फोटो एकामागून एक उघडले. परवा, सहा वाजून दहा मिनिटं: पाठमोऱ्या बाया, डोक्यावर टोपल्या. सहा चौदा: त्याच वाटेवर वाघीण. काल सहा बारा, बाया. सहा पंधरा, वाघीण. आज, सहा अकरा. पुढचा फोटो एकाच मिनिटानंतरचा होता.

पावणेनऊला बाया आल्या. सहाही. भागीरथाबाई अर्धीच टोपली भरली म्हणून जावयाला बोल लावत होती. धनराजने लॅपटॉपकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

मग त्याने विचारलं, "अशा पेट्या अजून कुठी लावल्या तुमी?"

"चार चौक्यांवर."

ती फोन करत सुटली. तीन ठिकाणी बाया आज आत गेल्याच नव्हत्या. चौथ्या ठिकाणचा रक्षक, लालसू, हसतच बोलला. इथी काई टेन्शन नाई, बाया सहालेच गेल्या. रश्मीने सांगितलं तसं त्याचं हसू थांबलं आणि फोन बंद झाला.

चाळीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. तो धापा टाकत होता. पाच जणी सापडल्या होत्या. सोमारी नावाची एक मागे राहिली होती. हाका मारल्या, ओ येत नव्हती.

दुपारचे दोन वाजले तरी ते तिला शोधतच होते.